रॅलेच्या गावी

नॉटिंगहॅमला जाणारा प्रवासी बहुधा रॉबिन हूडच्या ओढीने जातो. आम्ही गेलो ते एका सायकलीमुळे व एका कादंबरीमुळे. सायकल आमच्या वडिलांची, रॅले कंपनीची. दर रविवारी तेलपाणी होऊन ती ओसरीवर उभी राही आणि तिला शिवण्यापूर्वी आम्हां भावंडांना हात धुवावे लागत. पुढे आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातही या सायकली होऊ लागल्या. तरी आपली ‘विलायतेची’ आहे, हे वडील निराळ्याच सुरात सांगत. कादंबरी म्हणजे ॲलन सिलिटो यांची ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’, १९५८ साली प्रसिद्ध झालेली.

सिलिटो यांचा जन्म याच गावचा, १९२८ चा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते रॅलेच्या कारखान्यात लागले. त्यांचे वडीलही तेथेच होते. पुढे विमानदलात बिनतारी यंत्रावर काम करण्यासाठी ते मलायात गेले, क्षयाने आजारी पडले आणि नंतर स्पेनच्या मायोर्का बेटावरील उन्हात बसून त्यांनी हे धुरकट गाव कागदावर उतरविले.

त्यांचा नायक आर्थर सीटन हा विशीतला तरुण सायकलींच्या कारखान्यात लेथवर उभा असतो. मजुरी नगावर. दिवसाला चौदाशे नग निघू शकतात. पण हाताचा झपाटा वरिष्ठांच्या डोळ्यांत भरला तर दर उतरणार, हे तो पक्के ओळखून आहे. म्हणून सकाळी हजार नग उरकावेत आणि दुपार रमतगमत काढावी, हा त्याचा हिशेब. शनिवारची रात्र मात्र दारूची, भांडणांची, सोबत्याच्या बायकोशी चोरट्या भेटींची. लेखक त्याला सज्जन ठरवीत नाहीत. त्याचे बंड कोणत्या झेंड्याखालचेही नाही. आपल्याला कोणी दळून काढू नये, एवढाच त्याचा हट्ट. कॉलेजात असताना आम्हांला हा उर्मट पोरगा मुळीच आवडला नव्हता.

आता तो कारखाना नाही. नॉटिंगहॅममधील सायकलींचे उत्पादन २००२ मध्ये थांबले. त्या आवारात विद्यापीठाचे ज्युबिली संकुल आहे. तेथे तळी आहेत, काठाने हिरवळ आहे, साठ मीटर उंचीचा लाल-केशरी मनोरा आहे. यंत्रांचा खडखडाट ऐकायचा तर १९६० चा चित्रपट पाहावा. त्यातील कारखान्याचे चित्रण रॅलेतच झाले होते. आर्थरच्याच वयाची मुले पुस्तके घेऊन आमच्यासमोरून गेली. ज्या भिंतींवर तो चिडत होता, त्याच भिंतींनी गावातील हजारो चुली पेटत्या ठेवल्या होत्या, हे तळ्याकाठी बसल्यावर जाणवले.

आणि वडील आठवले. त्यांनी तीस वर्षे कचेरीत ‘होय साहेब’ म्हणून काढली. आर्थर आणि ते यांत काही साम्य असेल, असे आमच्या कधी मनातही आले नव्हते. मात्र शनिवारी अर्ध्या दिवसाने कचेरी सुटली की ते सरळ घरी येत नसत. आई जेवणासाठी खोळंबलेली असे आणि ते गावाबाहेरच्या तळ्याला सायकलीवरून वळसा घालून, अंधार पडता पडता परतत. कोठे होतात, असे आईने पुष्कळदा विचारले. हात धुता धुता ते नुसते हसत.