कोरड्या मुलखातले भय

नांदेड,
मार्गशीर्ष, शके १९४७

स्नेही मित्रवर्यांस,

लातूरहून आलेल्या आपल्या पत्रात अलीकडच्या भयपटांविषयी दोन विधाने आहेत. एक असे, की मराठी मुलखातला भयपट हा कोकणच्या पावसावर पोसलेला प्रकार असून मराठवाड्याच्या उघड्या माळावर भुताला लपायला आडोसाच नाही. आणि दुसरे असे, की म्हणून इकडच्या प्रेक्षकाने असे चित्रपट वेळ घालवण्यापुरते पाहावेत, त्यांत स्वतःचे काही शोधू नये. पहिल्या विधानात बरेच तथ्य आहे. दुसरे मात्र त्यातून निघत नाही, आणि या पत्राचा खटाटोप तेवढ्यासाठीच आहे.

समीक्षक ज्याला ‘जॉनर’ म्हणतात तो चित्रपट म्हणजे ज्याचे संकेत प्रेक्षकाला तिकीट काढतानाच ठाऊक असतात असा चित्रपट. भयपट, रहस्यपट, मारधाडीचा सूडपट हे सगळे याच जातीचे. संकेत आधीच ठरलेले असल्यामुळे अशा चित्रपटांना हलके लेखण्याची सवय जुनी आहे, पण कीर्तनात पूर्वरंगानंतर उत्तररंग येणार हे ठाऊक असते म्हणून कोणी कीर्तन हलके ठरवत नाही. बुवा त्या चौकटीत काय भरतात यावरच श्रोते त्यांची परीक्षा करतात. मराठी पडद्याने या चौकटीत बराच काळ विनोद भरला. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधला (१९९३) तात्या विंचू रामदास पाध्ये यांच्या बाहुल्यात शिरला तो मुख्यतः लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरण्याला हसता यावे म्हणून, आणि ‘पछाडलेला’ (२००४) त्याच वाटेने गेला. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी छापील पानावर भयकथा व गूढकथा गंभीरपणे रुजवल्या होत्या, तरी पडद्यावर ते गांभीर्य ठळकपणे यायला या शतकाचे दुसरे दशक उजाडावे लागले.

ते आले तेव्हा पावसातून आले, हे आपले म्हणणे मान्यच करावे लागते. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा त्याची दखल जाणकारांपुरती राहिली होती, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा लागला तेव्हा मात्र त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवला. जुना चित्रपट नव्याने चालण्याचे असे उदाहरण भारतीय भयपटांत दुर्मीळ आहे. चित्रपट हिंदी असला तरी त्यातले घर, नाती आणि लोभ अस्सल मराठी आहेत, नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण करून देते आणि कथेवर धारपांच्या कथेचे ऋण आहे. हस्तर हा पूर्तीच्या देवीचा पहिला पुत्र. त्याला सोने मिळाले, धान्य मिळाले नाही, आणि म्हणून चित्रपटाचा नायक विनायकराव दोर सोडून देवीच्या गर्भात उतरतो तो कणकेची बाहुली घेऊन, कारण पिठाच्या भुकेत हस्तर गुंतला की त्याच्या लंगोटातून मोहरा झडतात. भीतीची ही रचना थोर वाटते ती तिच्यातल्या हिशेबामुळे. प्रत्येक फेरीत मोहरा मोजक्याच मिळतात, प्रत्येक फेरीला दोर, पीठ आणि धाडस लागते, आणि लोभ हा एखाद्या धंद्यासारखा बापाकडून मुलाकडे जातो. कथा १९१८ मध्ये सुरू होऊन स्वातंत्र्यापर्यंत पोचते, तेव्हा वाडा सरकारजमा होण्याची वेळ येते आणि त्या घाईत एकाऐवजी अनेक बाहुल्या खाली नेण्याची युक्ती निघते. दचकवणारे प्रसंग त्यात आहेत, पण अंगावर काटा येतो तो या घाईने.

‘तुंबाड’नंतर ही वाट रुळली. आदित्य सरपोतदार यांनी ‘झोंबिवली’त (२०२२) झोंबी, म्हणजे मेल्यावरही चालत राहणारी चावरी प्रेते, डोंबिवलीत आणून टॉवर आणि झोपडपट्टी यांच्यातली दरी दाखवली होती, परंतु त्यांना देशभर यश मिळाले ते ‘मुंज्या’ने (७ जून २०२४), जो पुन्हा कोकणात घडतो. सप्टेंबर २०२५ मधला सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ही कोकणातलाच, आणि त्यात दिलीप प्रभावळकर यांनी उभा केलेला बाबुली मेस्त्री हा थकलेला दशावतारी नट खाणवाल्यांच्या विरोधात उभा राहतो. ‘दशावतार’ची कथा ठिकठिकाणी सैल आहे, पण रंगवलेला चेहरा आणि खरा चेहरा यांतले अंतर प्रभावळकर ज्या वयात दाखवतात ते पाहून सैलपणा सोसावा. कोकणाला हा मान मिळण्याची कारणे दोन दिसतात. पाऊस, रान आणि खोताचा वाडा दिग्दर्शकाचे निम्मे काम करतात, हे एक. आणि दुसरे, काहीसे दुर्लक्षित कारण असे, की चित्रपट बनवणाऱ्या आणि तिकीट काढणाऱ्या मुंबईकरांपैकी अनेकांचे ‘गाव’ कोकणातच असते, म्हणून त्यांच्या आठवणीतला अंधारही तिकडचाच असतो.

मुंज्याचे उदाहरण मात्र आपल्या दुसऱ्या विधानाला थेट छेद देते. मुंज झालेला पण सोडमुंज होण्याआधी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत केवळ कोकणची नाही. मराठवाड्यातही पिंपळाखाली मुंजाचे ठाणे असते, परंतु इथे त्याला नारळ फोडतात, आणि परभणी-नांदेडकडे पोराचे नाव ‘मुंजाजी’ ठेवायला कोणी कचरत नाही. म्हणजे कोकणच्या पडद्यावर जो भिववतो तो इकडे घरातला माणूस आहे. ‘कांतारा’ (२०२२) पाहताना हाच फरक नेमका उलटा अनुभवास येतो. ऋषभ शेट्टी यांनी तुळुनाडूतला भूतकोला, म्हणजे पंजुर्ली दैव नर्तकाच्या अंगात येऊन गावाचा निवाडा करते तो विधी, असा उभा केला, की अंगात येणे रोजचेच मानणारा, माळेगावच्या खंडोबाची यात्रा पाहिलेला माणूसही खुर्चीत ताठ होतो. भय नसलेल्या गोष्टीला दरारा देणे दिग्दर्शकाच्या हातात असते, आणि बिदर ओलांडून आलेल्या कन्नड चित्रपटाला ते जमले.

तेलंगणाच्या सीमेवरच्या धर्माबाद, बिलोली, देगलूर या भागात तेलुगू कानाला परकी नाही, म्हणून तिकडच्या मारधाडपटांचे इकडे अप्रूप कमी आणि ओढ जास्त. ‘पुष्पा’ हिंदीत श्रेयस तळपदे यांच्या आवाजात बोलतो, ही मराठी माणसाने मिरवण्याजोगी बाब असली तरी दुसरा भाग (२०२४) लांबण लावतो. ‘आरआरआर’बद्दल (२०२२) तक्रार वेगळी आहे. त्यातला कोमरम भीम हा किनवटला लागून असलेल्या आदिलाबादच्या रानातला गोंड पुढारी. तो लढला आणि १९४० मध्ये मारला गेला तो निजामाच्या राजवटीशी झुंजताना, ज्या राजवटीतून मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुटला. चित्रपटाने त्याला दिल्लीला नेऊन गोऱ्या गव्हर्नराशी भिडवले आणि निजामाला बाजूला बसवले. वाघ अंगावर सोडण्याचा प्रसंग शिट्ट्या वाजवण्यासारखा आहे यात वाद नाही. तरीही किनवटच्या प्रेक्षकाच्या हातून त्याचा शेजारी काढून घेतल्याची खंत राहते.

आता मराठवाड्यात आडोसा नाही या मुद्द्याकडे. भयपटाचे आवडते स्थळ म्हणजे जुना वाडा, आणि तिथे आपल्या जिल्ह्याचा अनुभव कोकणापेक्षा वेगळा आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरची माळवदे, म्हणजे मातीची सपाट छते, झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली आणि वाचलेली कित्येक कुटुंबे त्यानंतर पत्र्याच्या निवाऱ्यात राहिली. ज्याने हे पाहिले त्याला वाड्यात दडलेल्या आत्म्याचे भय घालणे अवघड आहे. त्याच्यासाठी भीतीचे स्थळ उघड्यावर शोधावे लागेल, आणि ते एका दिग्दर्शकाला सापडले आहे.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ जुलै २०१७ मध्ये आला. कर्ज थकल्याने शहरातून पळालेले जोडपे, त्यातली गर्भवती नेहा (पूजा सावंत), आणि उसाच्या फडाच्या मधोमध एकटे घर, जिथे तुळसाबाई (उषा नाईक) तिची आईच्या मायेने काळजी घेते. एवढ्या सामग्रीवर चित्रपट उभा आहे. ऊस माणसाच्या डोक्यावर गेला की दोन सऱ्यांपलीकडचे दिसत नाही, पात्याची धार उघड्या दंडावर रेघा ओढते, आणि वाळलेल्या पाचटाची सळसळ वाऱ्याची की कोणाच्या चालण्याची हे फडात उभे राहून सांगता येत नाही. फुरियांनी भरदुपारी, लख्ख उन्हात भीती निर्माण केली ती एवढ्याच बळावर. उषा नाईक यांचे काम तर असे आहे, की ताट वाढताना त्यांचा हात जरा थांबला तरी धास्ती वाटते. भुताच्या मागे जे सत्य निघते ते मुलींना जन्मू न देण्याचे आणि जन्मल्यास जगू न देण्याचे आहे, आणि ते परके नाही: २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण राज्यात ८९४ होते, तर शेजारच्या बीड जिल्ह्यात ८०७. शेवटाकडे चित्रपट हाच मुद्दा बोलून दाखवतो आणि तिथे प्रवचनाचा सूर लागतो, हा दोष मान्य. पण त्याआधीची दीड तासाची घुसमट त्याने कमावलेली आहे.

मोठी उणीव दुसरीच आहे. ऊस दिसतो, ऊसतोड दिसत नाही. नवरा-बायको मिळून होणारा एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल, हंगाम सरला तरी न फिटणारा हिशेब, पाचटाच्या आडोशाला पालावर ठेवलेले मूल, हे सगळे कथेच्या केंद्राशी येत नाही. आणि बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला तो कोणत्याही भयकथेपेक्षा भीषण होता. लातूरचा ऊस तर स्वतःच एक गूढ आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि त्याच जिल्ह्यात सर्वाधिक पाणी पिणारे हे पीक कारखान्यांना जातच होते. या विसंगतीतला राक्षस हस्तरहून लहान नाही.

त्यातच भानामती. अंगावर फुल्या उमटणे, दांडीवरच्या कपड्यांनी आपोआप पेट घेणे, घरावर दगड पडणे, बाई कुत्र्यासारखी भुंकू लागणे, या प्रकारांना जे एक नाव आहे ते जितके मराठवाडा, तेलंगण आणि बिदर-कलबुर्गी या पट्ट्याचे आहे तितके कोकणाचे नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी अशी प्रकरणे तपासली तेव्हा करणारा हात बहुधा घरातलाच निघाला, आणि तो पुष्कळदा कोंडलेल्या, गांजलेल्या माणसाचा होता. भयपटाला याहून चांगला सांगाडा कोणता हवा? डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि जलस्रोत शोधण्याच्या बहाण्याने करणी-भानामतीच्या नावाखाली केलेली अमानुष कृत्ये एकाच कलमात बसवली आहेत. सोने आणि पाणी यांचा लोभ शेजारी ठेवणारी ती ओळ कोणी पटकथाकाराने वाचली असती तर तुंबाडचे भावंड उदगीर-कंधारच्या एखाद्या गढीत कधीच जन्मले असते.

या दिशेने सर्वांत जवळ आलेला चित्रपट म्हणजे हृषीकेश गुप्ते यांचा ‘जारण’ (६ जून २०२५). करणीने दुसऱ्याचा घात करणे म्हणजे जारण. माहेरच्या वाड्यात परतलेल्या राधाला ते झाले आहे की तिचे मन आजारी आहे, हा पेच अमृता सुभाष चेहऱ्याच्या बारीक हालचालींवर तोलून धरतात आणि अनिता दाते यांची गंगुटी तो सुटू देत नाही. गुप्ते स्वतः भयकथाकार असल्यामुळे त्यांना थांबायचे कुठे ते कळते. तरी वाडा आहेच, आणि राधाचे दुःख एका घरापुरते राहते. गाव, शेत, उसनवारी यांपर्यंत ते पसरत नाही.

तेव्हा आडोसा आहे, फक्त तो रानाचा नसून पिकाचा, कर्जाचा आणि पाण्याचा आहे, आणि इकडच्या प्रेक्षकाने स्वतःचे काही शोधू नये हे आपले मत निदान ‘लपाछपी’पुरते मागे घ्यावे. त्याचा हिंदी अवतार ‘छोरी’ (२०२१) पाहिल्यामुळे मूळ चित्रपटाची गरज उरली नाही असे आपण लिहिता, परंतु ऊस तोच ठेवूनही बोली बदलली की तुळसाबाईचा धाक निम्मा होतो. मूळ मराठी चित्रपट अवश्य पाहावा, आणि शक्य तो कारखान्याचे गाळप संपण्याआधी, म्हणजे औशाच्या रस्त्याने जाताना उसाकडे वेगळ्या नजरेने पाहता येईल. पाहून झाल्यावर मतभेद असल्यास सविस्तर कळवावा.

लोभ असावा, ही विनंती.

आपला स्नेहांकित