रिपोर्ट नॉर्मल!

आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांचा एक लाडका नियम आहे : जे मोजता येतं तेच खरं. रीडिंग आलं की जर्नलमध्ये लिहा, ग्राफ काढा, सरांची सही घ्या, विषय संपला! त्यामुळे मानसशास्त्राचं नाव निघालं की आम्ही हसतो. मन काय मल्टिमीटरने मोजणार? (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठी सांभाळून घ्या.)

पण हा प्रश्न मानसशास्त्राने स्वतःला केव्हाच विचारलाय. १८७९ साली वुंट यांनी जर्मनीत लाइपझिगला प्रयोगशाळा काढली. तिथे माणसं आपल्या आत काय जाणवतंय ते सांगायची. आता दोघांनी वेगवेगळं सांगितलं तर खरं कोणाचं? म्हणून १९१३ मध्ये अमेरिकेतले वॉटसन म्हणाले, आतलं सोडा, बाहेरून दिसणारं वागणं तेवढं अभ्यासा. म्हणजे अगदी आपलाच माणूस! पण मग भीती, दुःख, शांती यांचं काय करायचं?

यासाठी लाइपझिगला जायला नको. आपल्या इंदुरीजवळच भंडारा डोंगर आहे. तुकोबा तिथे एकांतात चिंतनाला बसत, असं सांगतात. हे आतून जाणणं. आणि तळेगावहून लोकल पकडली की लोणावळ्याचं कैवल्यधाम. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी ते १९२४ साली स्थापन केलं. स्वतः योगी, तरी त्यांनी योगक्रिया एक्स-रे आणि मॅनोमीटरसमोर नेल्या. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवलं आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून असे प्रयोग छापले. श्रद्धा होती, म्हणून तपासणी टाळली नाही.

तपासणीने कधी दावा पडतोही. काही योगी हृदय थांबवतात असं म्हटलं जायचं. वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी अशांना ईसीजी लावून पाहिलं. निष्कर्ष १९६१ मध्ये छापून आले. नाडी हाताला लागेनाशी झाली, ठोकेही ऐकू येईनात, पण ईसीजीवर हृदय चालूच! श्वास कोंडून छातीतला दाब वाढवला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि नाडी क्षीण होते. इथे यंत्र जिंकलं, कारण दावा शरीराबद्दल होता.

आता आमच्या फ्लोअरवरची गोष्ट. सबमिशनच्या दिवसांत माझ्या रूममेटला रात्री धडधडायचं, श्वास पुरायचा नाही, हात गार पडायचे. दवाखान्यात ईसीजी काढला. नॉर्मल. “काही झालेलं नाही, उगाच टेन्शन घेतेस,” असं सांगून घरी पाठवलं. फ्लोअरवर लगेच “नाटकं करते” सुरू झालं. मग तिने सांगणंच बंद केलं. रात्र रात्र एकटी जागायची.

ईसीजी खोटा नव्हताच. त्याला विचारलं होतं हृदयाबद्दल, त्याने तेवढंच सांगितलं. ती घाबरली होती का, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आणि ते तिच्याशिवाय सांगणार कोण?

पुढे ती समुपदेशकांकडे गेली. त्यांनी “उगाच” म्हटलं नाही. कधी होतं, किती वेळ टिकतं, आधी काय घडलं, हे पंधरा दिवस वहीत लिहायला सांगितलं. वही बोलली : बहुतेक वेळा व्हायवाच्या आदल्या रात्री, तीन-तीन कॉफ्यांनंतर. मला तर हे आपल्या जर्नलसारखंच वाटलं. रीडिंग घेणारी तीच आणि उपकरणही तीच.

आता ती प्राणायामही करते आणि म्हणते, बरं वाटतं. मी म्हटलं, “अगं, पण फरक प्राणायामाने पडला, कॉफी सोडल्याने की सबमिशन संपल्याने? दोन गट करून पाहिल्याशिवाय कसं कळणार?” ती म्हणाली, “तुझे गट तू कर बाई, मला झोप लागतेय.” आम्ही दोघीही बरोबर होतो. झोप लागली हे तिलाच ठाऊक. कशाने लागली, हे मात्र एकटीच्या अनुभवावरून ठरत नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कोणी “मला कसंतरी होतंय” म्हणालं, तर डॉक्टरांकडे न्याच, ईसीजीही काढा. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून उठून जाऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, काय होतंय, कधीपासून, किती वेळ? निम्मं रीडिंग अजून बाकी असतं.