ढोलकीच्या कड्या

माजरीत घड्याळापेक्षा खाणीच्या पाळ्यांवर माणसांचा दिवस अधिक ठरतो. आमच्या भीमगीत गायन मंडळात आम्ही पाच जण. पेटीवाला आणि ढोलकीवाला कोळसा खाणीत, एक रेल्वेत, एकाचे किराणा दुकान आणि मी इतिहासाचा शिक्षक. मानधन कोणी घेत नाही. पाचही जणांची सुटी एकाच संध्याकाळी येणे, हीच आमची मोठी मिळकत!

एप्रिल महिना मात्र परीक्षा पाहतो. १४ एप्रिलच्या जयंतीची निमंत्रणे आणि दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे एकाच वेळी दारात उभे राहतात. एका वर्षी मी दोन्ही पेलू गेलो. शेजारच्या गावी रात्री उशिरापर्यंत चवदार तळ्याचे गीत गायिले आणि सकाळी सातवीच्या वर्गात महाडच्या सत्याग्रहाचे वर्ष १९३० लिहून बसलो. एक मुलगी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, २० मार्च १९२७ ना?" मी फळा पुसला, पण ती शरम पुसली गेली नाही. रात्री जे गायिले, तेच सकाळी चुकविले, तर ते गाणे कोणासाठी होते?

भीमराव कर्डकांच्या जलशापासून आपली ही परंपरा चालत आली. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मुंबईत कष्टाची कामे करीत लिहीत-गात राहिले. हे गाणे रिकाम्या वेळेतून नव्हे, राबणाऱ्या हातांतून आले आहे. म्हणून कामाची सबब सांगून ते सोडता येत नाही आणि गाण्याची सबब सांगून कामही टाळता येत नाही.

तथागतांनी सोण भिक्खूला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला होता: फार ताणलेली तार चालत नाही, सैल सोडलेलीही नाही. आमचा ढोलकीवाला कड्या सरकवताना तेच करतो. त्या वर्षापासून मंडळाने तीन गोष्टी ठरविल्या: दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर रात्रीचा कार्यक्रम घ्यायचा नाही, खाणीतील पाळी पाहूनच सरावाचा दिवस ठरवायचा, आणि घरात मुलाची परीक्षा असेल त्याला त्या महिन्यात बोलवायचे नाही. काही निमंत्रणे नाकारावी लागली, काही माणसे रुसली. पण मंडळ टिकले.

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्या वसतिगृहातील सायंवंदनेनंतर तुम्हीही गात होता. नोकरी लागताच आवाज मिटवून टाकू नका. आठवड्यातून एक संध्याकाळ राखून ठेवा. आणि सकाळी कामावर ताजेतवाने जा, म्हणजे त्या गाण्याला कोणी नावे ठेवणार नाही.

जय भीम!