सही केलेला प्रक्षेप

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस 'प्रक्षेप' हा शब्द फारसा बरा वाटत नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत यापुढे कोणी आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. दुसऱ्याच्या संहितेत स्वतःची ओळ घालणे हा आपल्याकडे अपराधच. मग जी संहिता स्वतःच 'या, भर घाला' म्हणते, तिच्यापाशी मराठीच्या मास्तरांनी कसे जावे? मुक्त संगणकप्रणालीत पहिले योगदान करताना हा प्रश्न आम्हांस पडला.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रणालीचा मूळ मजकूर वाचण्याची, बदलण्याची आणि बदललेला वाटण्याची मोकळीक हे त्यामागील तत्त्व. तेथे योगदान आज्ञावलीचेच असावे लागते असे नाही, अनुवादाचेही चालते. आमचे तेच होते.

सोलापुरास अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या एका स्नेह्यांचा टेरी टॉवेलचा लहान कारखाना आहे. यंत्रमागांच्या खडखडाटाला लागून असलेल्या खोलीत तेथील कारकून एका मुक्त प्रणालीत सुताची आवक आणि मालाची जावक मांडतात. घरची भाषा तेलुगू, शिक्षण मराठीत आणि पडद्यावर इंग्रजी. प्रणालीस मराठी रूप होते, पण अपुरे. उरलेल्या सूचनांपैकी तेवीस आम्ही घेतल्या.

अनुवादाची फाइल दिसावयास साधी असते: वर इंग्रजी वाक्य, खाली रिकामी ओळ. मात्र वाक्याच्या पोटात कधीकधी मोकळी जागा असते आणि तेथे कोणते नाव येईल हे अनुवादकास ठाऊक नसते. 'अमुक डिलिटेड' म्हणून इंग्रजी सुटते. मराठीस तक्ता 'पुसला', यादी 'पुसली' की पान 'पुसले' हे आधी ठरवावे लागते. अखेर आम्ही भावे प्रयोगाची वाट धरली: 'अमुक यास पुसले'. क्रियापद कर्माच्या लिंगातून मोकळे झाले. वर्गात भावे प्रयोग शिकविताना त्याचा असा उपयोग कधी सुचला नव्हता.

अडले ते 'अनडू'पाशी. प्रचलित प्रतिशब्द 'पूर्ववत करा'. कारकून म्हणाले, "सर, पूर्ववत म्हंजे? मागं घ्या म्हणा की." भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले तेव्हापासून परिभाषेविषयी चाललेला वाद त्यांनी एका वाक्यात मांडला होता. आम्ही 'मागे घ्या' असे सुचवून कारण लिहिले. तपासणाऱ्या अनोळखी मराठी गृहस्थांचे उत्तर आले: अन्यत्र सर्व ठिकाणी 'पूर्ववत करा' आहे, एकाच जागी निराळा शब्द आला, तर वापरणारास त्या दोन क्रिया वाटतील. बावीस ओळी स्वीकारल्या गेल्या; तेविसावी चर्चेत राहिली.

पण ती पुसली गेली नाही, याचे आम्हांस महत्त्व वाटते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेल्या गिटसारख्या साधनांत प्रत्येक बदलाशेजारी कोणी, केव्हा, कशासाठी हे नोंदले जाते आणि आधीचा पाठही शिल्लक राहतो. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा नाकारलेले पाठही पृष्ठाच्या तळाशी जपले. प्रक्षेपाचा दोष भर घालण्यात नसून ती लपविण्यात असावा, असे आता आम्हांस वाटते.

कारकुनांना मराठी पडदा दाखविला. "बरं आहे," म्हणाले. पण काम इंग्रजीतच चालू ठेवले. हिशेब तपासणारे फोनवर बटणांची नावे इंग्रजीतच सांगतात. "सगळीकडं हेच आलं, तर बघू."

तपासनीस आणि कारकून एकमेकांस ओळखत नाहीत, तरी दोघांचे मागणे एकच: शब्द यायचा तर सगळीकडे यावा. 'मागे घ्या' सर्वत्र घालायचे तर एकेक ओळ वाचावी लागेल, आणि तेवढी कारणेही लिहावी लागतील. वाचकांपैकी जे मराठी शिकवितात, त्यांनी त्यांतील काही ओळी वाटून घ्याव्यात.