आण्णांची बुलेट, तात्यांची येझदी

आमच्या पिढीतल्या कोल्हापूरकरांची ओळखपरेड घ्यायची झाली तर सरळ पँट गुडघ्यापर्यंत वर करायला सांगावी. उजव्या पोटरीला आतून रुपयाएवढा डाग असला तर माणूस बुलेटवाल्या घरातला, कारण बुलेटचा सायलेन्सर उजवीकडे. दोन्ही पोटऱ्यांना असला तर येझदीवाल्या घरातला, कारण येझदीला दोन्ही बाजूंनी एकेक. आमच्या घरात दोन्ही गाड्या होत्या. आम्हा चुलत-आत्ते भावंडांचे पाय आजही बघण्यासारखे आहेत.

बुलेट आण्णांची, म्हणजे थोरल्या काकांची. येझदी तात्यांची, म्हणजे दुसऱ्या काकांची. एक मद्रासहून आलेली, एक म्हैसूरहून. मूळ एकीचं इंग्लंडात, दुसरीचं चेकोस्लोव्हाकियात. पण आजोबांच्या लेखी दोन्ही ‘फटफट्या’ आणि दोन्ही पैशाचा चुराडा. १९७३ पर्यंत म्हैसूरच्या गाडीच्या टाकीवर ‘जावा’ असं नाव असे, पुढे ‘येझदी’ झालं. तात्या मात्र शेवटपर्यंत दोन्ही नावं अदलाबदल करून वापरत. चेष्टा झाली की म्हणत, “नाव बदललं म्हणून बायको बदलत नाही.” काकू आतून भांडं आपटायच्या.

दोन्ही गाड्या चालू करण्याच्या तऱ्हा म्हणजे दोन वेगळे विधी होते. आण्णा आधी हेडलाइटवरच्या अँपिअरच्या काट्याकडे बघत. किक हळूहळू दाबत काटा मध्यावर आणायचा, डीकॉम्पचा खटका ओढून पिस्टन जरा पुढे सरकवायचा, आणि मग अंगाचा सगळा भार घालून एकच किक. घाई करणाऱ्याला ती किक उलटी बसे, म्हणून आम्हाला तिच्या आसपास फिरकू देत नसत. येझदीला किकचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. आत दाबून वर फिरवला की किक, खाली आणला की गिअर. कोणी पाहुणा आला की तात्या हे प्रात्यक्षिक हमखास करून दाखवत. वर, गिअर टाकताना क्लच दाबला नाही तरी चालतं, हेही सांगत. खरंच चालायचं. पायाच्या दाबानं क्लच आपोआप सुटायचा. हे ऐकून आण्णा सुपारी कातरत एवढंच म्हणत, “आळशी माणसाची गाडी.”

खरा घोळ व्हायचा तो गाड्या बदलल्या की. बुलेटचा गिअर उजव्या पायात, पहिला वर आणि बाकीचे खाली, ब्रेक डाव्या पायात. येझदीचं सगळं उलट. रंकाळ्याच्या कठड्यापाशी आमच्या आत्तोबांनी बुलेटवर ब्रेक म्हणून गिअर दाबला तो प्रसंग घरात इतक्यांदा सांगितला गेला, की आम्ही तिथं नव्हतोच हे आमच्यातल्या निम्म्यांना आता पटत नाही.

आज ज्याला ‘अ‍ॅडव्हेंचर टूरिंग’ म्हणतात ते त्या काळी मे महिन्यात कोकणात जाणं होतं. आजोळ वैभववाडीच्या बाजूला. कोल्हापूरहून गगनबावडा साधारण पंचावन्न किलोमीटर, मग करूळचा घाट. होल्डॉल मागं, एक पोर टाकीवर, काकू एका बाजूला पाय टाकून, आणि दोघींच्या मध्ये दाबून बसवलेलं दुसरं पोर. दोघींच्या म्हणजे काकू आणि तिच्या मांडीवरच्या आंब्याच्या रिकाम्या करंडीच्या मध्ये, तीही कोणी माणूस असल्यासारखी सांभाळावी लागे. डबीत जादा प्लग, क्लचची केबल, चेनची लिंक, पॉलिश पेपरचा तुकडा. गाडी बंद पडेल हे गृहीतच असे. बंद पडली म्हणजे प्रवास बिघडला असं कोणाला वाटत नसे, सावली बघून डबे उघडले जात.

गाड्यांचा खरा स्वभाव घाटात कळे. बुलेटच्या पिस्टनची धाव लांब. ३४६ सीसीच्या त्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि धाव ९०. त्यामुळे तिसऱ्या गिअरमध्येही ती बैलाच्या चालीनं चढत राही, आवाजात फरक नाही, अठरा हॉर्सपॉवरची ऐट नाही. येझदी अडीचशे सीसीची, टू-स्ट्रोक. ती पिळली तर पळणार. तात्या तिला खालच्या गिअरमध्ये कण्हत ठेवत आणि वळणावर आण्णांच्या पुढे काढत. मागं निळा धूर. आण्णांच्या पांढऱ्या शर्टाबद्दल काकूंचं आणि तात्यांचं भांडण गगनबावड्याच्या एसटी स्टँडवर होई.

उतारावर चित्र फिरे. आण्णा दुसऱ्या गिअरमध्ये टाकून निवांत, इंजिनच गाडी धरून ठेवी. टू-स्ट्रोकला तसा आधार कमी, म्हणून तात्यांचा भार ड्रम ब्रेकवर. शिवाय एक भानगड होती जी आम्हाला फार उशिरा कळली. येझदीचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. उतारावर मूठ बंद ठेवली की पेट्रोल जवळजवळ थांबतं, आणि त्याबरोबर ऑइलही. पिस्टन मात्र फिरतच असतो. म्हणून तात्या उतरताना दर काही वळणांनी मूठ पिळून घेत, घर्र घर्र करत. आम्हाला वाटे ते दरीला सलामी देतात. आम्हीही हात वर करायचो.

पेट्रोल पंपावर तात्यांना आधी ऑइलचं माप घ्यावं लागे, मग पेट्रोल, मग गाडी हलवून घ्यायची. आण्णा तोवर पैसे देऊन विडी शिलगावायला लांब गेलेले असत. लिटरला किलोमीटर किती यावर मात्र दोघंही सारखेच खोटं बोलत. बुलेट तीस-पस्तीस द्यायची, येझदी त्याहून कमी. आजोबांना सांगितलेले आकडे लिहून ठेवले असते तर त्या दोन्ही गाड्या हवेवर चालत होत्या असं दिसलं असतं.

घरातल्या बायकांचा निकाल मात्र वेगळ्या मुद्द्यांवर लागे, आणि माझ्या मते तोच जास्त शहाणपणाचा होता. साडी नेसून बसणारी बाई डावीकडे पाय टाकणार. बुलेटला डावीकडे सायलेन्सर नाही, येझदीला आहे. आजी येझदीवर बसायची तेव्हा काष्ट्याच्या लुगड्याचा काठ वर खोचून. पण बुलेटवर चढायचं तर तिला ओट्याच्या पायरीशी गाडी लावून द्यावी लागे. “मोठीवर बसवत नाही, बारकी भाजती,” हे तिचं वाक्य आमच्या घरात अजून कोणत्याही दोन वाईट पर्यायांना लावतात.

१९८७ च्या उन्हाळ्यात दोन्ही गाड्या गोव्याला गेल्या. आजरा, आंबोली, सावंतवाडी, म्हापसा. आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये मांडवीवरचा पूल पडला होता, त्यामुळे बेतीहून पणजीला फेरीबोट. माणसं, सायकली, मासळीच्या टोपल्या, ट्रक आणि त्यात आमच्या दोन फटफट्या. बोटीवर एका परदेशी जोडप्यानं बुलेटचा फोटो काढला. येझदीचा काढला नाही. तात्या परतीच्या वाटेवर आंबोलीपर्यंत बोलले नाहीत.

दिवाळीच्या आधी येझदीचे सायलेन्सर उतरत. आतल्या नळ्या काढून, त्यांवर चढलेला कार्बन जाळून, ठोकून साफ करायचा. परसात तो काळा चुरा पडे, आणि त्या वासात फराळाच्या बेसनाचा वास मिसळे. आमच्यातल्या कोणालाही अजून टू-टी ऑइलचा धूर नाकात गेला की लाडू आठवतो.

मग शंभर सीसीच्या जपानी जोडीदारीतल्या गाड्या आल्या. १९८५ नंतर गल्लीत दर दसऱ्याला एक नवी. त्या हलक्या, दुप्पट अ‍ॅव्हरेजच्या, आणि बायकांनाही चालवता येणाऱ्या. आमच्या आत्यानं पहिली गाडी शिकली ती अशीच एक. तिचं कोणी कौतुक केलं नाही, कारण घाटाच्या गोष्टी त्या गाडीच्या नव्हत्या. १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद झाला. तात्यांना पार्टची काळजी नव्हती. उद्यमनगरात लेथवर बसलेला माणूस तुटलेला तुकडा हातात घेऊन बघायचा आणि संध्याकाळी तसाच नवा द्यायचा. मद्रासची गाडी चालू राहिली, तिला नवे मालक मिळाले, पुढे गिअरही डाव्या पायाकडे आला. आण्णांनी ते कळल्यावर फक्त “बाटली” असं म्हटलं.

हे सगळं पुन्हा उकरून निघालं ते आण्णांच्या नातीमुळे. ती पुण्यात नोकरी करते, तिला स्पितीला जायचं होतं. २०२२ च्या जानेवारीत येझदी हे नाव परत आलं आणि त्यात एक गाडी ‘अ‍ॅडव्हेंचर’ नावाचीच. समोर बुलेटवाल्यांची हिमालयन, २०१६ पासूनची. दिवाळीत हॉलमध्ये तिनं फोनवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि वाक्य पुरं व्हायच्या आत दोन तट पडले. निम्म्यांनी कधी गिअर बदलला नव्हता, तरी.

गंमत म्हणजे आकडे बघितले तर जुनाच स्वभाव निघाला. तेव्हाची हिमालयन ४११ सीसीची, सिलिंडरचा व्यास ७८ आणि धाव ८६ मिलिमीटर, म्हणजे पुन्हा लांब धावेची. ताकद चोवीस हॉर्सपॉवरच्या आसपास, पण ओढ खालच्या फेऱ्यांतच ३२ न्यूटन-मीटर. येझदी ३३४ सीसी, व्यास ८१ आणि धाव ६५. ताकद जास्त, तीसच्या घरात, पण ती वर, फेरे चढवल्यावर. म्हणजे एक चढत राहणारी, एक पिळली तर पळणारी. दोघींचं पुढचं चाक २१ इंची, जमिनीपासूनची उंची दोघींची २२० मिलिमीटर. धूर आता कोणाचाच नाही. एक चुलतभाऊ म्हणाला, “मग भांडायचं कशावर?” आणि भांडण आणखी तासभर चाललं.

माझं मत विचारलं नव्हतं तरी दिलं. बेळगावच्या हायवेला येझदी, पावसातल्या करूळला हिमालयन. तात्या, आता ऐंशीच्या पुढचे, खुर्चीतून म्हणाले, “तीन तऱ्हेचं एबीएस आहे आमच्या गाडीला. पावसाचं वेगळं.” हे त्यांना कोणी सांगितलं देव जाणे. त्या दुपारी त्यांनी चष्मा लावून नातीच्या फोनवर आणखी बरंच वाचलं.

नातीनं दोन्ही गाड्यांवर बसून बघितलं. येझदीची सीट ८१५ मिलिमीटर, हिमालयनची ८००. ती उंचीनं थेट पणजीवर, म्हणजे आमच्या आजीवर गेलेली. थांबलेल्या गाडीवर दोन्ही पाय जमिनीला टेकले ते एकीवरच, आणि पाठीवर सामान घेऊन स्पितीच्या खडीत थांबायचं तर ते टेकायलाच हवेत. तिनं हिमालयन घेतली. तात्यांना फोन करून सांगितलं तेव्हा ते आधी गप्प, मग म्हणाले, “सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे ते बघ आणि तुझ्या आईला दुसऱ्या बाजूनं चढव.”