सहावा शब्द

बालमित्रांनो, श्रुतलेखनाचा तास तुम्हाला आवडतो का? मला फार आवडतो. मी 'लवकर' म्हटलं की वर्गातल्या पेन्सिली भराभर पळतात. 'त्वरित' म्हटलं की थोड्या अडखळतात. आणि 'सत्वर' म्हटलं की बहुतेक थांबतातच! अर्थ तिन्हींचा एकच, पण ओळख सारखी नाही.

असंच श्रुतलेखन तुमच्या-माझ्या पेशींत रात्रंदिवस चालू असतं, बरं का!

पेशीतल्या डीएनएवर प्रथिनं बनवण्याच्या कृती लिहिलेल्या असतात. अशा एका कृतीला जनुक म्हणतात. त्या लिपीत अक्षरं फक्त चार: ए, टी, जी आणि सी. तीन अक्षरांचा एक शब्द, त्याला म्हणायचं कोडॉन. असे शब्द होतात 64. त्यातले 3 नुसते 'थांबा' असं सांगणारे. उरलेल्या 61 शब्दांना अर्थ मात्र 20, कारण प्रथिनाच्या माळेतले मणी, म्हणजे अमिनो आम्लं, 20 प्रकारची. मग समानार्थी शब्द आलेच की! ल्युसिन नावाच्या मण्यासाठी तर सहा शब्द आहेत. हा शब्दकोश उलगडणाऱ्यांत हरगोविंद खुराना होते, पंजाबातल्या लहानशा खेड्यातल्या पटवाऱ्याचा मुलगा. 1968 साली त्यांना आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं.

मणी ओवणारं यंत्र म्हणजे रायबोसोम. माणसाच्या पेशीत ते सेकंदाला पाचेक मणी ओवतं. मणी आणून द्यायला हमाल असतात, लातूरच्या मोंढ्यात असतात तसे! नेहमीच्या शब्दांचे हमाल पुष्कळ, दुर्मीळ शब्दांचे थोडे. आपल्या जनुकांत ल्युसिनसाठी सीटीजी फार वेळा येतो, सीटीए क्वचित. दुर्मीळ शब्द आला की यंत्र हमालाची वाट बघत रेंगाळतं. रेंगाळणं वाईटच असं नाही; माळेला नीट घड्या पडायला मध्ये उसंत लागते. 2007 साली छापून आलेल्या एका संशोधनात, शब्दाच्या जागी समानार्थी शब्द आला, मणी तेच राहिले, तरी प्रथिनाचं वागणं बदललेलं दिसलं. मला तर हे वाचून फार नवल वाटलं.

आणि अर्थच बदलला तर?

मी आता उदगीरला शिकवते, पण आधी किनवट तालुक्यात होते. तिकडं सिकलसेलचा आजार आढळतो. माझ्या वर्गातली एक मुलगी थंडी पडली की गुडघे धरून बसायची. पोरं तिच्या बाटलीला हात लावत नसत. म्हणायची, "बाई, तिचं रक्त खराब हाय."

एके दिवशी मी फळ्यावर हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची कृती लिहायला घेतली. ही माळ 146 मण्यांची. सुरुवातीची खूण सोडून पहिले सहा शब्द लिहिले: जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी. मग सहाव्या शब्दातला मधला ए पुसून टी केला.

"बाई, हा तर पैलाच शब्द हाय की!" एक पोरगा ओरडला.

बरोबर! पहिल्या जागी जीटीजी योग्यच. सहाव्या जागी आला की एक मणी बदलतो आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. एका मण्याचा हा फरक 1957 साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी दाखवून दिला. मी पुन्हा जीएजी लिहून शेवटच्या जीचा ए केला. जीएए. हा मात्र जीएजीचा समानार्थी! म्हणजे शेजारचं अक्षर बदललं असतं तर मणी तोच राहिला असता, पेशी वाकल्या नसत्या.

बदललेला शब्द आई आणि वडील दोघांकडून आला की हा आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस बहुधा निव्वळ वाहक असतो. शिवल्यानं, उष्टं प्यायल्यानं हा आजार लागत नाही.

"बाई, माझं ते अक्षर पुसून परत लिहिता येतं का?" तिनं विचारलं.

2023 साली ब्रिटन आणि अमेरिकेत जनुकीय उपचाराला मंजुरी मिळाली आहे. त्यातला एक उपचार ते अक्षर दुरुस्त करत नाही. जन्माआधी बनणाऱ्या हिमोग्लोबिनची मिटलेली कृती पुन्हा उघडतो. खर्च कोटींच्या घरात. तिला मी एवढंच म्हटलं, "शास्त्रज्ञ त्याच्याच मागं आहेत. तू गोळ्या चुकवू नको, थंडीत स्वेटर काढू नको आणि पाणी भरपूर पी."

मधल्या सुट्टीत तो ओरडणारा पोरगा तिची बाटली घेऊन हापशाकडं पळाला.