ज्वारीचं सुतक

पूर्णा जंक्शन मागे टाकून गाडी नांदेडच्या दिशेला लागली की चुडावा येतं. श्रावणात या रुळांच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर सोयाबीन. गुडघ्याएवढं, एकसारखं, मुकं. त्यात पाखरू लपत नाही, वारा शिरला तरी सळसळ होत नाही. याच काळ्या रानात ज्वारी पुरुषभर उंच उभी राहत असे.

ती गेली. दुष्काळात जळून गेली असती तर तिचा पंचनामा तरी झाला असता. पण ती धडधाकट असताना गेली, दरसाल चार तासं कमी होत होत, आणि तिचं सुतक कुणी धरलं नाही.

हस्ताचा पाऊस रानात मुरला की तिफण चालायची. पुढे रब्बीची टाळकी वाढायची ती जमिनीतल्या ओलीवर आणि रात्रीच्या दंवावर. तिनं पाटाचं पाणी कधी मागितलं नाही. ती पोटरीत आली की रानातून जाणारी बाई पानं हळूच बाजूला सारून वाट काढायची. पोटुशीचा मान होता तिला. निसवली की माळ्यावर गोफण फिरायची, हुरड्यात आली की आगटी पेटायची. मग ऊन तापायला लागल्यावर काढणी. विळ्यानं नव्हे, मुळासकट उपटून. तळहाताला फोड आल्याशिवाय रान मोकळं होत नसे. पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, खळं सारवायचं, तिवड्याभोवती बैलांची पात धरायची आणि मग वाऱ्याची वाट बघत बसायचं. वारा सुटला की उपणणी. दाणा घरात, कडबा गंजीला, धसकटं चुलीला. थोडे दाणे नागपंचमीच्या लाह्यांसाठी बाजूला. एका ताटावर माणूस, बैल आणि चूल तिघंही जगायचे.

हे लिहिताना गळा दाटतो, पण त्या फोडांची गोडी मला लावायची नाही. ज्यांनी ज्वारी सोडली त्यांनी हिशेब करूनच सोडली. खरिपाची ज्वारी ऐन दाणे भरताना परतीच्या पावसात सापडायची, काळी पडायची, आणि काळ्या ज्वारीला मोंढ्यात कुणी हात लावत नसे. काढणीला मजूर मिळेना. रानडुकरं एका रात्रीत तुकडा आडवा करू लागली. गोठ्यात बैलच उरले नाहीत तर कडबा कुणासाठी? सोयाबीन शंभर-सव्वाशे दिवसांत रोख पैसा देतं म्हणाले, आणि काही वर्षं त्यानं दिलाही. येलदरी-सिद्धेश्वर धरणांचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस, केळी, हळद आली. यात वेडेपणा कुणाचाच नव्हता.

मात्र शेतकऱ्याचा हिशेब ज्या पाटीवर मांडला गेला, ती पाटी दिल्लीत तयार झाली होती. गहू आणि तांदूळ सरकार विकत घेणार, साठवणार, देशभर वाटणार. ज्वारीला नुसता भाव जाहीर होणार. भाव छापला जातो, खरेदीचा काटा मात्र लागत नाही, लागला तर काढणी उरकून माल व्यापाऱ्याच्या घरी गेल्यावर. मग ज्वारी पिकवणाऱ्याच्या घरात रेशनचा तांदूळ शिजू लागला.

त्या तांदळाविरुद्ध बोललेलं बहात्तर पाहिलेल्या माणसाला खपत नाही, आणि त्याचं खरंच आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीच्या या मुलखानं अमेरिकेतून आलेली लाल मिलो रांगेत उभं राहून घेतली, खडी फोडली, सुकडी खाल्ली. मिलो म्हणजे तिकडची ज्वारीच, जनावरांच्या खाद्यासाठी पिकवलेली. त्याच वर्षी, १८ मे १९७२ रोजी, परभणीत कृषी विद्यापीठ उभं राहिलं. त्यानं ज्वारीचं 'परभणी मोती' हे वाण दिलं, पुढे लोह आणि जस्त जास्त असलेलं 'परभणी शक्ती' दिलं. बियाणं घडवायला आपण कमी पडलो नाही. पिकलेला दाणा विकत घेण्यात कमी पडलो.

आता २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होऊन गेलं. अर्थसंकल्पात ज्वारी 'श्री अन्न' झाली. पुण्या-मुंबईत डॉक्टर मधुमेह्याला भाकरी लिहून देतात, आणि दुकानात ज्वारी गव्हाहून महाग आहे. सन्मान झाला तो खाणाऱ्याच्या ताटाचा. पेरणाऱ्याच्या रानात त्यातलं काय आलं?

आणि तिच्या जागी आलेलं हे सोयाबीन पिकवणाऱ्याच्या पोटात जात नाही. कट्ट्यात भरून मोंढ्यात जातं. भाव पडला तर ज्वारी घरात ठेवून वर्षभर खाता यायची. सोयाबीनचे कट्टे कोण खाणार? २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि मोंढ्यातला दर चार हजारांच्या आसपास रेंगाळत राहिला. खरेदी केंद्रावर नेलं तर ओलावा १२ टक्क्यांच्या वर म्हणून परत. विधानसभेची निवडणूक तोंडावर आली तेव्हा ती मर्यादा १५ झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के आयात शुल्क बसवलं, मे २०२५ संपता संपता ते १० वर आणलं. शहरातलं तेल स्वस्त राहावं हे कुणालाही पटेल. पण आपल्या पेरणीच्या तोंडावर आपल्या पिकाचा भाव अशा एका कागदानं ठरतो, हे चुडाव्याच्या शेतकऱ्याला कुणी विचारलंही नाही आणि सांगितलंही नाही.

ज्वारी परत पुरुषभर उंच उभी करा, असं म्हणायचा मला अधिकार नाही. उपटायला मी येणार नाही. सरकारला मात्र एक मागणं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ आणि गव्हाच्या शेजारी भरडधान्य पहिल्यापासून लिहिलेलं आहे. नवा कायदा नको, नवं नावही नको. पूर्णा तालुक्यातली टाळकी पूर्ण्यातच विकत घ्या, इथल्याच रेशन दुकानांत, अंगणवाड्यांत आणि शाळेच्या खिचडीसोबत द्या, आणि काटा काढणीच्या आधी लावा.